मुरमांचे वण आणि लहरींची सुई



ज्या विद्युल्लहरींच्या पाठीवर बसून माझा आवाज या क्षणीं आपल्या दिवाणखान्यांत येत आहे, त्यांच्याच जातीच्या विजेनें आज शहरोशहरीं माणसांच्या गालांवरचे वण उथळ करण्याचें काम चालू आहे असें सांगितलें, तर आपल्यापैकीं कांहींना ती थट्टा वाटेल. पण ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. नभोवाणीची मध्यम लहर सेकंदास ५ लाख ३१ हजारांपासून १६ लाख २ हजारांपर्यंत आंदोलनें घेते. आणि त्वचारोगतज्ज्ञाच्या टेबलावरील या यंत्रांतला प्रवाहही बहुधा सेकंदास १० लाख किंवा २० लाख आंदोलनें घेतो. भेद एवढाच, कीं नभोवाणी आपली शक्ति आकाशांत उधळून देते, तर हें यंत्र ती एका सुईच्या टोंकापासून शेजारच्या सुईच्या टोंकापर्यंतच्या इवल्याशा टापूंत कोंडून ठेवतें. या उपचारास रेडिओफ्रीक्वेन्सी मायक्रोनीडलिंग असें लांबलचक नांव आहे. आजच्या बोलण्यापुरतें आपण त्यास ‘लहरींची सुई’ म्हणूं.

हा विषय मीं कां निवडला, तें प्रथम सांगतों. तीन वर्षांपूर्वीं, दिवाळी नुकतीच आटोपली असतां, एक बाई आपल्या चोवीस वर्षांच्या मुलीस घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीच्या दोन्ही गालांवर मुरमांचे जुने खळगे होते, आणि हनुवटीवर कांहीं ताजे, लाल फोडही होते. बसतां बसतांच बाई म्हणाल्या, “डॉक्टर, लग्न तीन आठवड्यांवर आलें आहे. तेवढ्यांत हे खड्डे मशीननें भरून द्या. पैशांची काळजी करूं नका.” मुलगी कांहीं बोलली नाहीं. खोलींत दोन खुर्च्या होत्या. त्यांतली खिडकीकडे पाठ होईल अशी तिनें निवडली होती. बाजूनें येणाऱ्या उजेडांत खळग्यांच्या सावल्या पडतात, हें तिला माझ्याइतकेंच ठाऊक होतें. मीं त्यांना नकार दिला. तो कां दिला, आणि पुढें काय झालें, हें समजावयास आधीं वण म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे.

आपल्या आजोबांच्या पिढींत चेहऱ्यावरचे वण म्हटले, कीं देवीचे वण डोळ्यांपुढें येत. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, आणि ते चेहरेही हळूंहळूं विरळ झाले. आतां त्यांची जागा मुरमांच्या वणांनीं घेतली आहे. मुरूम, ज्यांना संस्कृतज्ञ तारुण्यपिटिका म्हणतात, ते त्वचेंतील केसाच्या मुळाशीं उगम पावतात. तेथील तैलग्रंथीचें तोंड बुजतें, आंत स्निग्ध द्रव्य सांचतें, जंतूंना फावतें आणि दाह सुरू होतो. दाह वरवरचा असला, तर फोड जातो आणि मागें फक्त लाल किंवा काळसर डाग राहतो. दाह खोल गेला, तर त्वचेस बळकटी देणारे कोलॅजन नांवाचे तंतु तेथें विरघळतात. मग शरीर डागडुजी करूं लागतें. परंतु ती अपुरी पडते, आणि कित्येकदां नव्या तंतूंचे दोर त्वचेस खालीं ओढून धरतात. हाच तो खळगा.

डाग आणि खळगा यांतील भेद प्रत्येक घरानें ओळखला पाहिजे. डाग सपाट असतो. बोटाला लागत नाहीं, आणि उन्हापासून जपल्यास बहुधा कांहीं महिन्यांत आपण होऊनच फिका पडतो. त्यासाठीं सुया टोंचून घेण्याचें कारण नाहीं. खळगा मात्र आपण होऊन भरत नाहीं. खळग्यांचेही प्रकार आहेत. २००१ सालीं अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांनीं त्यांचे तीन वर्ग पाडले, ते आजही सर्वत्र मानले जातात. पहिला, दाभणानें भोसकल्यासारखा अरुंद व खोल; त्याची रुंदी दोन मिलीमीटरांहून कमी. दुसरा, उभ्या कडांचा, पेटीच्या तळासारखा. तिसरा, रुंद व उथळ, त्वचेवर लाटा उठल्यासारखा दिसणारा. हे वर्ग केवळ पंडितांच्या सोयीसाठीं नाहींत. कोणता उपचार लागू पडेल, हें त्यांवरूनच ठरतें. घरीं आरशासमोर गाल दोन बोटांनीं हलकेच ताणून पाहावा; जे खळगे ताणल्यावर दिसेनासे होतात, त्यांना लहरींची सुई बरीच उपयोगी पडते. जे ताणूनही तसेच भोकासारखे राहतात, त्यांना ती फारशी पोंचत नाहीं.

आतां या विजेचा इतिहास थोडक्यांत पाहूं. साधी घरगुती वीज अंगांतून गेली, तर स्नायु आंखडतात व जीवही जातो. परंतु १८९१ च्या सुमारास पॅरिस येथील शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोंवाल यांनीं दाखवून दिलें, कीं विजेचीं आंदोलनें सेकंदास सुमारें दहा हजारांहून पुष्कळ अधिक केलीं, तर स्नायु आंखडत नाहींत. केवळ ऊब जाणवते. या ऊबेचा उपयोग शस्त्रवैद्यांनीं करून घेतला. १ ऑक्टोबर १९२६ रोजीं बोस्टन येथें हार्वे कुशिंग या मेंदूच्या शस्त्रवैद्यानें, विल्यम बोव्ही यांनीं तयार केलेल्या यंत्राच्या साह्यानें, रक्तस्राव थांबवीत गांठ काढली. आज शस्त्रक्रियागृहांत सर्रास दिसणारें विजेचें शस्त्र तें हेंच. पुढें २००२ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें डोळ्यांभोंवतालच्या सुरकुत्यांसाठीं अशा लहरींच्या एका यंत्रास परवानगी दिली. त्या यंत्रास सुया नव्हत्या. ऊब वरूनच दिली जाई. सुया आणि लहरी यांची जोडी जमली, ती त्यानंतरच्या दशकांत.

यंत्राची करामत अशी आहे. लेखणीएवढ्या एका दांड्याच्या टोंकास पोस्टाच्या तिकिटाहूनही लहान अशी एक पट्टी असते, आणि तींत केसासारख्या बारीक अशा कित्येक सुया ओळींनीं बसविलेल्या असतात. पट्टी त्वचेवर टेकली, कीं सुया क्षणार्धांत ठरविलेल्या खोलीपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरापासून साडेतीन मिलीमीटरांपर्यंत, आंत शिरतात. क्षणभर वीज वाहते. सुया बाहेर येतात. टोंकांभोंवतीं उष्णता साठ-सत्तर अंशांपर्यंत चढते, आणि तेवढ्या ठिपक्यापुरतें त्वचेचें द्रव्य गोठतें. दोन ठिपक्यांच्या मध्यें निरोगी त्वचेचें बेट शिल्लक राहतें, आणि त्या बेटांतूनच दुरुस्ती सुरू होते. पहिले कांहीं दिवस दाह, मग कांहीं आठवडे नव्या तंतूंची उभारणी, आणि नंतर कित्येक महिने त्या तंतूंची मांडणी, असा हा क्रम चालतो.

म्हणजे नीट विचार केला, तर यंत्र खळगा भरीत नाहीं. यंत्र फक्त मोजून-मापून जखम करतें. खळगा भरतें तें आपलें शरीर. ही एक गोष्ट मनांत पक्की बसली, कीं या उपचाराविषयींच्या बहुतेक प्रश्नांचीं उत्तरें आपोआप सुचतात. तीन आठवड्यांत कां होत नाहीं? कारण जमीन नांगरली म्हणजे दुसऱ्या दिवशीं पीक उभें राहत नाहीं. धोका कशांत आहे? कारण जखम ती जखमच. माप चुकलें, कीं उपचाराचा अपाय होतो.

येथें एका शंकेचें निरसन करतों. ‘लहरी’ हा शब्द ऐकून पुष्कळांना क्ष-किरणांची आठवण होते, आणि कर्करोगाची भीति वाटते. क्ष-किरणांत पेशींच्या गाभ्यांतील अणुरेणु फोडण्याचें सामर्थ्य असतें. तें या लहरींत नाहीं. त्या करतात ती केवळ उष्णता. भ्यावयाचें तें भाजण्याला.

आपल्या देशांत हा उपचार इतका लोकप्रिय होण्यास एक सबळ कारण आहे. वणांसाठीं वापरण्यांत येणारे कित्येक लेसर-किरण हे प्रकाशाचे असतात, आणि त्वचेंतील काळें रंगद्रव्य प्रकाश शोषून घेतें. गोऱ्या कातडीवर जो किरण सुखरूप काम करतो, तोच सांवळ्या कातडीवर चट्टे उठवूं शकतो. विजेला त्वचेचा रंग दिसत नाहीं. तिची उष्णता ठरते, ती शरीरद्रव्य विजेस किती विरोध करतें यावर. शिवाय कांहीं सुयांना टोंकाखेरीज सर्वत्र विद्युत्‌रोधक लेप दिलेला असतो, त्यामुळें उष्णता खोल राहते आणि वरचा थर बचावतो. म्हणून सांवळ्या त्वचेवर काळे चट्टे उठण्याचें भय लेसरपेक्षां येथें कमी आहे. कमी आहे, नाहींसें झालेलें नाहीं. जखम झाली, कीं आपली त्वचा रंग धरते, हा आपल्याकडील प्रत्येक आईचा अनुभव आहे. खरचटलेल्या गुडघ्याचा काळा डाग कोणीं पाहिला नाहीं?

मग फायदा किती होतो? आजवर झालेले प्रयोग बहुतेक थोड्या रोग्यांवरचे आहेत, आणि निरनिराळ्या यंत्रांनीं केलेले आहेत. त्यामुळें टक्क्यांच्या भाषेंत मोठीं वचनें देणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. तरी एवढें म्हणतां येतें, कीं उथळ व लाटांसारखे खळगे बहुतेकांत लक्षांत येण्याइतके सुधारतात, आणि कार्बन डाय-ऑक्साइडच्या लेसरशीं तुलना केली असतां फळ साधारण त्याच्या जवळपासचें मिळूनही घरीं बसण्याचे दिवस कमी लागतात. एका बैठकीनें भागत नाहीं. बहुधा तीन-चार बैठकी, मध्यें चार ते सहा आठवड्यांचें अंतर, आणि शेवटच्या बैठकीनंतर तीन ते सहा महिन्यांनीं खरें फळ दिसतें. वण पुसला जात नाहीं. उथळ होतो, आणि त्याची सावली कमी पडते. दाभणाच्या भोकासारख्या वणांना तीव्र आम्लाचा थेंब भोकाच्या तळाशीं लावण्याची कोरियन वैद्यांनीं २००२ सालीं मांडलेली रीत अधिक उपयोगी पडते. खालून दोरांनीं ओढलेल्या वणांचे दोर आधीं सुईनें तोडावे लागतात. ती रीत १९९५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. जाणता वैद्य हे उपाय एकमेकांस जोडून वापरतो. ज्याच्याजवळ एकच यंत्र आहे, त्याला मात्र प्रत्येक वण त्या यंत्राजोगाच दिसतो.

आतां अपायांविषयीं. उपचारानंतर चेहरा लाल होणें, सुजणें, रक्ताचे बारीक ठिपके दिसणें, मग बारीक खपल्या धरणें, हें सर्व स्वाभाविक असून कांहीं दिवसांत ओसरतें. परंतु त्यापलीकडचे अपायही आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें या यंत्रांविषयीं जाहीर इशारा दिला. भाजणें, कायमचे वण पडणें, त्वचेखालील चरबी नाहींशी होणें, चेहरा विद्रूप होणें, मज्जातंतूंस इजा पोंचणें, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. कांहीं रोग्यांना दुरुस्तीसाठीं शस्त्रक्रियेची पाळी आली. हा वैद्यकीय उपचार आहे, प्रसाधन नव्हे, आणि घरीं करावयाचा तर मुळींच नव्हे, असें त्यांनीं स्पष्ट बजावलें. चरबीचा अपाय नीट समजून घ्यावा. गालाची त्वचा फार पातळ असते; सुई तिच्या आरपार जाऊन खालच्या चरबींत वीज सोडील, तर चरबी वितळते, आणि खळगा भरावयास गेलेल्या माणसाचा गालच खोल जातो. गेलेली चरबी सहजासहजीं परत येत नाहीं.

दुसरा धोका सुईचाच. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्यांत परवाना नसलेल्या एका सौंदर्यगृहांत, सुया टोंचून चेहऱ्यास रक्तांतील द्रव लावण्याचा उपचार घेतलेल्या स्त्रियांना एच्. आय्. व्ही. ची बाधा झाली. पहिली घटना २०१८ सालीं उघडकीस आली, आणि सविस्तर अहवाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या उपचारांत लहरी नव्हत्या, पण सुया होत्या, आणि स्वच्छता नव्हती. तिसरा धोका बधिर करणाऱ्या मलमाचा. तें सर्व चेहऱ्यावर व मानेवर जाड थापून, वरून प्लास्टिक गुंडाळून तासन् तास ठेवलें, तर औषध रक्तांत उतरून मेंदू व हृदय यांवर परिणाम करूं शकतें. मलम किती, कोठें आणि किती वेळ, हें वैद्यानेंच ठरवावें. घरून लावून येऊं नये.

कांहींनीं हा उपचार घेऊंच नये, किंवा निदान थांबावें. ज्यांच्या हृदयास गति देणारें विजेचें यंत्र छातींत बसविलेलें आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, ज्यांच्या जखमा भरतांना गांठीसारख्या फुगतात, ज्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळीं पू झालेले फोड किंवा तोंडाशीं नागिणीच्या जातीचे पाण्याचे फोड आहेत, त्यांनीं हें आधींच सांगितलें पाहिजे. तसेंच मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आणि मुरमांसाठीं घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, यांविषयींही लपवूं नये. या शेवटच्या गोळ्या थांबवून सहा महिने वाट पाहावी, असा पूर्वीं दंडक होता. २०१७ सालीं अमेरिकन तज्ज्ञांनीं त्यास पुरेसा आधार नाहीं असें मत दिलें. तरी निर्णय वैद्याचा, आणि माहिती रोग्याची.

उपचाराचें ठरविण्यापूर्वीं थोडे प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये. यंत्र कोण चालविणार, आणि त्याचें नांव राज्याच्या वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत आहे काय? माझे वण कोणत्या प्रकारचे आहेत, आणि सुई किती खोल जाणार? सुयांची पट्टी नवी, बंद पाकिटांतली, माझ्यासमोर उघडाल काय? आधीं कानाजवळ एका लहान जागीं करून पाहाल काय? भाजलें किंवा चट्टा उठला, तर मला रात्रीं कोण भेटेल? आणि पहिल्या दिवशीं, बाजूच्या उजेडांत, माझें छायाचित्र काढाल काय? जो वैद्य या प्रश्नांनीं रागावतो, त्याच्याकडून निरोप घेऊन निघावें. उपचारानंतर कांहीं आठवडे उन्हापासून जपावें, खपल्या उकरूं नयेत, आणि बेसन, लिंबू, हळद, उटणें यांपैकीं कांहींही चेहऱ्यास लावूं नये. टोंचलेल्या त्वचेस घरगुती औषधही झोंबतें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. वणांवरचा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय म्हणजे मुरूम वेळेवर बरे करणें. ‘वयाचे फोड आहेत, लग्न झालें कीं जातील,’ असें म्हणून घरेंच्या घरें दोन-दोन, तीन-तीन वर्षें दवडतात. मुलगा किंवा मुलगी आरशासमोर फोड फोडीत राहते. कोणी औषधांच्या दुकानांतून गोरें करणारें मलम आणून देतो. त्या मलमांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें, आणि त्यानें मुरूम उलट वाढतात. जे काम पहिल्या सहा महिन्यांत साध्या मलमानें व गोळ्यांनीं झालें असतें, त्यासाठीं पुढें हजारों रुपये आणि शेंकडों सुया लागतात.

आतां त्या मुलीविषयीं. मीं आईला सांगितलें, कीं ताजे फोड असतांना सुई लावणें योग्य नाहीं, तीन आठवड्यांत फळ मिळणार नाहीं, आणि टोंचलेल्या गालांस हळद लागली तर चट्टे उठतील. बाईंना तें पटलें नाहीं. लग्नाच्या दहा दिवस आधीं त्यांनीं मुलीला दुसरीकडे नेलें. तेथें वैद्य नव्हता, यंत्र होतें. एकाच बैठकींत तीन-चार बैठकींचें काम उरकावें, म्हणून वीज चढवून दिली गेली. दोन महिन्यांनीं त्या दोघी पुन्हां माझ्याकडे आल्या, तेव्हां मुलीच्या गालांवर चौकटीच्या वहीसारखी काळ्या ठिपक्यांची जाळी उमटली होती, आणि लग्नाच्या साऱ्या छायाचित्रांत ती दिसत होती. बाई रडत होत्या. “मीं तिच्या भल्यासाठींच केलें,” असें त्या पुन्हां पुन्हां म्हणत होत्या, आणि तें खरेंच होतें.

जाळी फिकी पडावयास आठ महिने लागले. त्या अवधींत मुरूम आटोक्यांत आणले. त्यानंतर, मुलीनें स्वतः विचार करून होकार दिल्यावर, कांहीं वणांचे दोर तोडले, आणि बेतानें तीन बैठकी केल्या. खळगे गेले नाहींत, उथळ झाले. शेवटच्या भेटींत मीं पहिल्या दिवसाचें छायाचित्र तिच्यापुढें ठेवलें. तिनें तें बराच वेळ पाहिलें आणि म्हणाली, “डॉक्टर, त्या दिवशीं मला कोणींच विचारलें नव्हतें, कीं तुला हें करून घ्यावयाचें आहे काय. विचारलें असतें, तर मी नाहीं म्हटलें असतें. मला फक्त फोडांचें दुखणें थांबावयास हवें होतें.”

तो प्रश्न मींही तिला विचारला नव्हता. मीं आईला नकार दिला आणि आपलें कर्तव्य झालें असें मानलें. तेव्हांपासून माझ्याकडे कोणी आपल्या मुलास किंवा मुलीस घेऊन आलें, तर मी आधीं ज्याचा चेहरा त्याला विचारतों. आपल्या घरीं हा विषय निघाला, तर यंत्राची चौकशी करण्यापूर्वीं आपणही एवढें विचारावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.